करसवलत आणि शहरातील घर : न्यूयॉर्कमधील बहुसदनिका गृहबांधणीच्या मालमत्ता-करसवलतीचा इतिहास (१९२०–२०२४)

प्रस्तावना

मालमत्ता कर हा नगरशासनाच्या उत्पन्नाचा एक जुना आणि स्थिर स्रोत होय. शाळा, रस्ते, अग्निशमन, आरोग्य अशा दैनंदिन सेवांचा भार मोठ्या प्रमाणात याच करावर उभा असतो. असे असूनही अनेक शहरांनी नव्या निवासी इमारतींना या करातून काही वर्षे मुक्त ठेवण्याचे धोरण वेळोवेळी स्वीकारले आहे. शहराच्या मध्यभागी जमीन महाग, बांधकाम खर्चिक आणि भांडवल गुंतून पडण्याचा काळ दीर्घ असतो. अशा ठिकाणी अनेक कुटुंबांना सामावून घेणारी इमारत उभी राहावी, यासाठी कराचा काही भाग सोडून देणे हा शासनाला सोपा वाटणारा उपाय आहे. तिजोरीतून रक्कम प्रत्यक्ष बाहेर जात नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात तिची चर्चाही फारशी होत नाही. परंतु न घेतलेला कर हाही एक प्रकारचा खर्चच असतो आणि तो कोणाच्या वाट्याला जातो, हा प्रश्न अटळपणे उभा राहतो.

या प्रश्नाचा शंभर वर्षांचा सलग इतिहास न्यूयॉर्क शहरात पाहावयास मिळतो. १९२० मधील पहिल्या कायद्यापासून २०२४ मधील नव्या कायद्यापर्यंत या शहराने करसवलतीचे अनेक प्रकार अनुभवले. प्रत्येक पिढीने सवलत दिली आणि प्रत्येक पिढीने तिच्या बदल्यात काही वेगळे मागितले. प्रस्तुत निबंधात या देवघेवीचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. न्यूयॉर्कमधील बहुसदनिका निवासी इमारतींना दिलेल्या मालमत्ता-करसवलतींचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२. प्रत्येक टप्प्यावर सवलतीच्या बदल्यात समाजाने कोणती अट घातली, हे तपासणे.
३. सवलतीचा लाभ व भार यांची वाटणी कशी झाली, याची चिकित्सा करणे.
४. मुंबईतील गृहनिर्माण प्रोत्साहनाच्या वेगळ्या वाटेशी या अनुभवाची थोडक्यात तुलना करणे.

वैचारिक पार्श्वभूमी : जमीन आणि इमारत

मालमत्ता कर दोन गोष्टींवर एकाच वेळी आकारला जातो. एक जमीन आणि दुसरी तिच्यावरील इमारत. जमिनीचे मूल्य मालकाच्या श्रमाने वाढत नाही. लोकवस्ती, रस्ते, बाजारपेठ आणि सार्वजनिक सोयी यांमुळे ते वाढते. इमारत मात्र भांडवल व श्रम खर्चून उभी करावी लागते. या भेदावर हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात आपली मांडणी उभारली. जमिनीवर पूर्ण कर घ्यावा आणि श्रमाने निर्माण झालेल्या वस्तूंवरील कर रद्द करावेत, असे त्यांचे म्हणणे होते. १८८६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढविली. तीत त्यांचा पराभव झाला, तरी त्यांचा विचार शहराच्या सार्वजनिक चर्चेत टिकून राहिला. पिट्सबर्ग शहराने १९१३ च्या कायद्यान्वये इमारतींवरील कराचा दर टप्प्याटप्प्याने जमिनीवरील दराच्या निम्म्यावर आणण्याचा प्रयोग सुरू केला. न्यूयॉर्कमध्ये कराची पूर्ण फेरमांडणी झाली नाही. तेथे जॉर्ज यांच्या विचाराचा एक अंशच व्यवहारात उतरला. नव्या इमारतीवरील कर काही काळ माफ करावयाचा आणि जमिनीवरील कर चालू ठेवावयाचा, असे त्याचे स्वरूप होते.

पहिला प्रयोग : १९२० चा कायदा

पहिल्या महायुद्धाच्या काळात साहित्य व मजूर युद्धकार्याकडे वळल्याने न्यूयॉर्कमधील घरबांधणी जवळजवळ थांबली. युद्ध संपल्यावर घरांची मागणी वाढली, परंतु रिकामी घरे एक टक्क्याहूनही कमी उरली होती. भाडी झपाट्याने वाढली, भाडेकरूंना घराबाहेर काढण्याचे खटले वाढले आणि अनेक वस्त्यांत भाडेकरूंनी भाडे न भरण्याचे संप पुकारले. गव्हर्नर आल्फ्रेड स्मिथ यांनी सप्टेंबर १९२० मध्ये राज्य विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलाविले. त्यातून दोन उपाय पुढे आले. आणीबाणीचे भाडेकायदे हा पहिला उपाय होता. त्यांनी भाडेकरूला न्यायालयात ‘अवाजवी भाडे’ हा बचाव उपलब्ध करून दिला. नव्या घरांना मालमत्ता करातून सवलत देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देणे हा दुसरा उपाय होता.

हे दोन्ही उपाय एकमेकांना पूरक होते. भाडेनियंत्रणामुळे भांडवल गृहबांधणीपासून दूर जाईल, अशी भीती व्यक्त होत होती. करसवलत हे त्या भीतीवरचे उत्तर होते. न्यूयॉर्क शहराने १९२१ च्या प्रारंभी ही सवलत लागू केली. प्रत्येक खोलीमागे १,००० डॉलर आणि प्रत्येक सदनिकेमागे ५,००० डॉलर एवढ्या मूल्यापर्यंत इमारतीवरील कर माफ झाला. ही माफी १ जानेवारी १९३२ पर्यंत राहणार होती. मूल्याला मर्यादा घातल्यामुळे लहान व साध्या घरांना सवलतीचा लाभ तुलनेने अधिक मिळाला.

परिणाम दृश्य स्वरूपाचा होता. १९२० च्या दशकात शहरात सहा लाखांहून अधिक नवी निवासस्थाने उभी राहिली. ब्रॉन्क्स, ब्रुकलिन आणि क्वीन्स या विभागांत भुयारी रेल्वेच्या मार्गालगत चार-पाच मजली इमारतींच्या रांगा तयार झाल्या. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने विशेष कायद्याच्या आधारे क्वीन्समध्ये दरमहा खोलीमागे ९ डॉलर भाड्याची घरे बांधली. त्यांतही करसवलतीचा वाटा होता.

तथापि, या प्रयोगाच्या दोन मर्यादा लवकरच दिसून आल्या. एक म्हणजे कायद्याने बांधकामाखेरीज कोणतीही अट घातली नव्हती. वाचलेला कर भाडे कमी करण्याकडे जाईल, अशी अपेक्षा होती, पण तसे बंधन नव्हते. अनेक ठिकाणी ती रक्कम विक्रीच्या किमतीत मिसळून गेली. दुसरे म्हणजे सवलत संपण्याची तारीख सर्वांसाठी एकच होती. १९३२ उजाडले तेव्हा महामंदी ऐन भरात होती. मालकांचे उत्पन्न घटलेले असतानाच त्यांच्यावर पूर्ण कराचा बोजा आला. सवलतीचा आरंभ ज्या काळजीने ठरविला जातो, तिच काळजी तिच्या शेवटाबाबत घेतली जात नाही, हा धडा येथे प्रथम मिळाला.

अट म्हणून मर्यादित नफा : १९२६

१९२० च्या कायद्यावरील टीकेतून पुढील टप्पा आकाराला आला. वास्तुतज्ज्ञ क्लॅरन्स स्टाइन हे राज्याच्या गृहनिर्माण व प्रादेशिक नियोजन आयोगाचे अध्यक्ष होते. खासगी बाजारपेठ कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी नवी घरे बांधू शकत नाही, हे या आयोगाने दाखवून दिले. त्यानंतर १९२६ चा राज्य गृहनिर्माण कायदा झाला. लाभांश सहा टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवणाऱ्या कंपन्यांना या कायद्याने वीस वर्षांपर्यंत स्थानिक करसवलत मिळण्याची सोय केली. खोलीमागे भाड्याची कमाल मर्यादाही ठरविण्यात आली. मॅनहॅटनमध्ये ती दरमहा १२.५० डॉलर होती.

या कायद्याचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग कामगार संघटनांनी केला. अमालगमेटेड क्लोदिंग वर्कर्स या शिवणकामगारांच्या संघटनेने अब्राहम कझान यांच्या पुढाकाराने ब्रॉन्क्समध्ये सहकारी गृहसंकुल उभारले. १९२७ मध्ये तेथे पहिली कुटुंबे राहावयास आली. १९३० मध्ये मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, जुन्या दाट वस्तीच्या मध्यभागी, ‘अमालगमेटेड ड्वेलिंग्ज’ ही सहकारी वसाहत पूर्ण झाली. येथे वाचलेल्या कराचा लाभ थेट राहणाऱ्या सभासदांना मिळाला, कारण मालक आणि रहिवासी यांत भेदच नव्हता. या टप्प्याने एक तत्त्व प्रस्थापित केले. सार्वजनिक महसूल सोडावयाचा असेल, तर नफ्यावर मर्यादा मागण्याचा समाजाला अधिकार आहे. परंतु सहा टक्के लाभांशावर समाधान मानणारे भांडवल थोडेच होते. त्यामुळे या कायद्याखाली उभ्या राहिलेल्या घरांची संख्या मर्यादितच राहिली.

सवलत आणि समता : स्टायव्हेसंट टाउन

करसवलतीच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त प्रकरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडले. १९४२ च्या पुनर्विकास कंपनी कायद्यात १९४३ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहर आणि मेट्रोपॉलिटन लाइफ यांच्यात करार झाला. मॅनहॅटनच्या पूर्व भागातील ‘गॅस हाउस’ नावाने ओळखली जाणारी जुनी वस्ती पाडून तेथे स्टायव्हेसंट टाउन हे सुमारे पावणेनऊ हजार सदनिकांचे संकुल बांधावयाचे ठरले. शहराने सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार वापरला, सार्वजनिक रस्त्यांची जमीन संकुलात समाविष्ट होऊ दिली आणि इमारतींमुळे वाढणाऱ्या मूल्यावरील कर पंचवीस वर्षांसाठी माफ केला. या माफीचे मूल्य सुमारे पाच कोटी डॉलर मानले गेले. पूर्वीच्या वस्तीतील सुमारे अकरा हजार लोकांना घर सोडावे लागले आणि त्यांतील बहुतेकांना नवे भाडे परवडणारे नव्हते.

करार होत असतानाच कंपनीचे अध्यक्ष फ्रेडरिक एकर यांनी या संकुलात कृष्णवर्णीयांना घरे दिली जाणार नाहीत, हे स्पष्ट केले. या भूमिकेविरुद्ध युद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी न्यायालयात दाद मागितली. ज्या इमारतीसाठी सर्व नागरिकांच्या कराचा हिस्सा सोडून दिला आहे, ती खासगी मानावयाची की सार्वजनिक, हा त्या खटल्याचा गाभा होता. १९४९ मध्ये ‘डॉर्सी विरुद्ध स्टायव्हेसंट टाउन’ या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. करसवलत व भूसंपादन यांमुळे कंपनीची कृती ही शासनाची कृती ठरत नाही, असे बहुमताने मानले. न्यायमूर्ती फुल्ड यांनी भिन्नमत नोंदविले. १९५० मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

न्यायालयात हरलेली ही लढाई सार्वजनिक जीवनात मात्र हरली नाही. संकुलातील श्वेतवर्णीय भाडेकरूंनीच भेदभावाविरुद्ध समिती स्थापन केली, काहींनी आपल्या घरात कृष्णवर्णीय कुटुंबांना पाहुणे म्हणून ठेवले आणि घराबाहेर काढले जाण्याचा धोका पत्करला. कंपनीला १९५० मध्ये मोजक्या कृष्णवर्णीय कुटुंबांना प्रवेश देणे भाग पडले. १९५१ मध्ये शहराने सार्वजनिक साहाय्य मिळालेल्या खासगी घरांत वांशिक भेदभावास बंदी करणारा कायदा केला. सवलतीच्या बदल्यात नफ्याची मर्यादा पुरेशी नसून समान प्रवेशाची अटही आवश्यक आहे, ही जाणीव या संघर्षातून रुजली.

दुरुस्तीसाठी सवलत आणि तिचे अनपेक्षित परिणाम

१९५५ मध्ये शहराने जुन्या इमारतींच्या सुधारणेसाठी वेगळी सवलत सुरू केली. नगरसंहितेतील कलमाच्या क्रमांकावरून ती ‘जे-५१’ या नावाने ओळखली जाऊ लागली. गरम पाणी व मध्यवर्ती उष्णतेची सोय नसलेल्या जुन्या भाडोत्री इमारतींत या सोयी करून घेणे हा तिचा मूळ हेतू होता. १९७० च्या दशकाच्या मध्यात कारखाने व गोदामे यांच्या निवासी रूपांतरालाही ती लागू झाली. त्यामुळे मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील रिकाम्या औद्योगिक इमारतींत नवी वस्ती आली.

परंतु याच सवलतीचा उपयोग करून एकखोली निवासाच्या स्वस्त हॉटेलांचे महागड्या सदनिकांत रूपांतर होऊ लागले. या हॉटेलांत एकटे वृद्ध, अल्प वेतनावरचे मजूर व आजारी माणसे राहत असत. त्यांचे शेवटचे छप्पर हिरावले गेले आणि बेघरांच्या वाढत्या संख्येची चर्चा होऊ लागली, तेव्हा १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अशा रूपांतरांची सवलत काढून घेण्यात आली. घर सुधारण्यासाठी दिलेली सवलत घर नाहीसे करण्याचे साधन कशी बनते, याचे हे उदाहरण आहे.

‘जे-५१’ चा आणखी एक अध्याय स्टायव्हेसंट टाउनमध्येच घडला. २००६ मध्ये हे संकुल पीटर कूपर व्हिलेज या शेजारच्या संकुलासह ५.४ अब्ज डॉलरना विकले गेले. जुन्या व नव्या मालकांनी दुरुस्तीसाठी ‘जे-५१’ सवलत घेतली होती आणि त्याच काळात हजारो सदनिका भाडेनियंत्रणातून बाहेर काढल्या होत्या. २००९ मध्ये ‘रॉबर्ट्स विरुद्ध टिशमन स्पायर’ या खटल्यात राज्याच्या अपील न्यायालयाने सवलत चालू असताना असे करणे बेकायदा ठरविले. साठ वर्षांपूर्वी ज्या संकुलाबाबत सवलतीमुळे सार्वजनिक बंधन येत नाही असा निर्णय झाला होता, तेथेच सवलतीमागोमाग बंधन येते हे मान्य झाले. अर्थात, दोन्ही निकालांतील कायदेशीर प्रश्न भिन्न होते. पहिल्यात संविधानातील समतेच्या तत्त्वाचा, तर दुसऱ्यात भाडेकायद्याच्या अर्थाचा प्रश्न होता.

कलम ४२१-ए : ओसरत्या शहराचा उपाय

१९७० मध्ये न्यूयॉर्कची लोकसंख्या ७८.९५ लाख होती. १९८० मध्ये ती ७०.७२ लाखांवर आली. मध्यमवर्ग उपनगरांकडे जात होता, घरबांधणी मंदावली होती आणि १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले. या ओसरत्या काळाच्या प्रारंभी, १९७१ मध्ये, राज्याच्या स्थावर मालमत्ता कर कायद्यात कलम ४२१-ए समाविष्ट झाले. बहुसदनिका नव्या इमारतीमुळे वाढलेल्या मूल्यावर दहा वर्षे उतरत्या क्रमाने करसवलत देणे, हे त्याचे मूळ रूप होते. भाड्याने दिलेल्या सदनिका सवलतीच्या काळात भाडेस्थिरीकरणाखाली राहत. परंतु घरे कोणत्या उत्पन्नगटासाठी असावीत, याविषयी बंधन नव्हते. बांधकाम होत नसलेल्या शहरात बांधकाम होणे हेच पुरेसे सार्वजनिक हित मानले गेले.

या सवलतीचे महत्त्व समजण्यासाठी करपद्धतीकडे पाहणे आवश्यक आहे. सर्व मालमत्तांचे मूल्यांकन पूर्ण बाजारभावाने व्हावे, असा निर्णय राज्याच्या अपील न्यायालयाने १९७५ मध्ये ‘हेलरस्टाइन’ खटल्यात दिला. घरमालकांवरील भार अचानक वाढेल, या भीतीने विधिमंडळाने १९८१ मध्ये मालमत्तांचे चार वर्ग करणारा कायदा केला. एक ते तीन कुटुंबांची घरे पहिल्या वर्गात गेली आणि त्यांच्या मूल्यांकनातील वाढीवर वर्षाला सहा टक्के व पाच वर्षांत वीस टक्के अशी मर्यादा आली. मोठ्या भाडोत्री इमारती दुसऱ्या वर्गात गेल्या आणि त्यांच्यावरील प्रत्यक्ष भार तुलनेने बराच अधिक राहिला. म्हणजे करपद्धतीने एका हाताने बहुसदनिका इमारतींवर जास्त भार टाकला आणि ४२१-ए ने दुसऱ्या हाताने नव्या इमारतींपुरता तो हलका केला. ही सवलत इतकी दीर्घायुषी का ठरली, याचे एक मुख्य कारण या विसंगतीत आहे.

१९८० च्या दशकात मॅनहॅटनची स्थिती बदलली. फिफ्थ अव्हेन्यूवरील ट्रम्प टॉवरने याच सवलतीसाठी अर्ज केला. जागा ‘पुरेशी वापरात नसलेली’ असली पाहिजे, ही कायद्याची अट पूर्ण होत नसल्याचे कारण देऊन शहराच्या गृहनिर्माण आयुक्तांनी तो नाकारला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८२ व १९८४ मधील अपील न्यायालयाच्या निर्णयांनंतर शहराला सवलत द्यावी लागली. शहराच्या सर्वांत महाग रस्त्यावरील श्रीमंतांच्या निवासाला सार्वजनिक सवलत कशासाठी, हा प्रश्न सामान्य करदात्याच्या तोंडी आला.

प्रमाणपत्रांचा व्यवहार

या असंतोषातून १९८५ मध्ये मॅनहॅटनच्या १४व्या ते ९६व्या रस्त्यादरम्यान वगळलेले क्षेत्र निश्चित झाले. तेथे सवलत हवी असल्यास वीस टक्के घरे परवडणाऱ्या दराची ठेवावीत, किंवा अन्यत्र परवडणारी घरे बांधणाऱ्यांकडून हस्तांतरणीय प्रमाणपत्रे विकत घ्यावीत, असा पर्याय देण्यात आला. व्यवहारात दुसरा मार्ग सोयीचा ठरला. मॅनहॅटनमधील आलिशान इमारतीला सवलत मिळे आणि तिच्या नावाने ब्रॉन्क्ससारख्या भागात काही साधी घरे उभी राहत. घरे निर्माण झाली, पण गरीब व श्रीमंत यांच्या वस्त्यांमधील अंतर अधिक पक्के झाले.

२००६ मधील शहराच्या आणि २००७ मधील राज्याच्या दुरुस्त्यांनी प्रमाणपत्रांचा हा मार्ग नव्या प्रकल्पांसाठी बंद केला. वगळलेले क्षेत्र संपूर्ण मॅनहॅटन व इतर विभागांतील काही भागांपर्यंत वाढविण्यात आले आणि परवडणारी घरे त्याच इमारतीत असावीत, असा नियम आला. तरीही २०१३ मध्ये विधिमंडळाने मोजक्या आलिशान इमारतींना पूर्वीच्या सवलतीस पात्र ठरविले. त्यांत मिडटाउनमधील ‘वन५७’ ही उत्तुंग इमारत होती. तेथील एका सदनिकेची विक्री १० कोटी डॉलरहून अधिक किमतीला झाली. शहराच्या स्वतंत्र अंदाजपत्रक कार्यालयाने २०१५ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार या इमारतीच्या सवलतीपोटी शहराने सुमारे साडेसहा कोटी डॉलर सोडले आणि बदल्यात ब्रॉन्क्समध्ये ६६ परवडणारी घरे मिळाली. तेवढ्याच रकमेच्या थेट अनुदानातून याच्या कितीतरी पट घरे झाली असती, असे त्या कार्यालयाने दाखवून दिले.

कार्यालयांचे रूपांतर : खालचे मॅनहॅटन

शहराच्या मध्यवर्ती भागाशी थेट संबंधित असा आणखी एक प्रयोग १९९५ मध्ये झाला. वॉल स्ट्रीटच्या परिसरातील जुन्या कार्यालयीन इमारती मोठ्या संख्येने रिकाम्या होत्या. कलम ४२१-जी नुसार त्यांचे निवासी रूपांतर करणाऱ्यांना चौदा वर्षांपर्यंत करसवलत देण्यात आली. बारा हजारांहून अधिक सदनिका यातून निर्माण झाल्या आणि सायंकाळनंतर ओस पडणाऱ्या भागात कायम वस्ती आली. येथेही भाड्याबाबतचा वाद न्यायालयात गेला. २०१९ मध्ये ‘कुझमिच’ खटल्यात सवलत चालू असेपर्यंत या सदनिका भाडेस्थिरीकरणाखालीच राहतील, असा निर्णय झाला. करोना साथीनंतर कार्यालये पुन्हा रिकामी पडू लागली, तेव्हा २०२४ मध्ये रूपांतरासाठी ४६७-एम ही नवी सवलत आली. तिच्यात मात्र एक चतुर्थांश घरे परवडणाऱ्या दराची असण्याची अट आरंभापासूनच आहे.

वेतनाची अट आणि सवलतीचा अस्त-उदय

२०१५ मध्ये ४२१-ए च्या नूतनीकरणावेळी कामगारांच्या वेतनाचा प्रश्न पुढे आला. बांधकाम संघटना आणि स्थावर व्यावसायिक यांच्यात समझोता न झाल्याने जानेवारी २०१६ मध्ये ही सवलत खंडित झाली. २०१७ मध्ये ती ‘अफोर्डेबल न्यूयॉर्क’ या नावाने परत आली. सवलतीचा काळ ३५ वर्षांपर्यंत गेला, २५ ते ३० टक्के घरे परवडणारी ठेवण्याची अट आली आणि ठरावीक भागांतील मोठ्या प्रकल्पांवर किमान सरासरी वेतनाचे बंधन आले. मॅनहॅटनमध्ये ते तासाला ६० डॉलर होते.

‘परवडणारे’ या शब्दाची व्याख्या मात्र वादग्रस्त राहिली. एका पर्यायानुसार महानगर प्रदेशाच्या मध्यम उत्पन्नाच्या १३० टक्के उत्पन्न असलेल्या कुटुंबांची घरेही परवडणारी गणली जात. ब्रॉन्क्स किंवा पूर्व ब्रुकलिनमधील रहिवाशांना ती आवाक्याबाहेरची होती. २०२२ मध्ये शहराच्या लेखानियंत्रकांनी या सवलतीमुळे एका आर्थिक वर्षात १.७७ अब्ज डॉलर महसूल सोडावा लागल्याचे दाखवून ती संपवावी आणि मूळ करपद्धतीच सुधारावी, अशी मागणी केली. जून २०२२ मध्ये सवलत संपली. मुदतीपूर्वी पाया घालण्यासाठी विकासकांची झुंबड उडाली आणि मुदतीनंतर नव्या परवानग्या घटल्या.

दोन वर्षांच्या खंडानंतर एप्रिल २०२४ मध्ये ४८५-एक्स हे कलम आले. सवलत चाळीस वर्षांपर्यंत वाढली, परवडण्याची व्याख्या अधिक कडक झाली आणि शंभर किंवा अधिक सदनिकांच्या प्रकल्पांवर वेतनाची अट आली. लगेचच ९९ सदनिकांचे प्रस्ताव दाखल होऊ लागले. अट जेथे सुरू होते, तिच्या एक पाऊल अलीकडे बाजारपेठ थांबते, हे शंभर वर्षांत पुनःपुन्हा दिसलेले चित्र येथेही दिसले.

मुंबईची वेगळी वाट

न्यूयॉर्कप्रमाणेच मुंबईतही युद्धकाळाने भाडेनियंत्रण आणले. १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याने प्रमाणित भाडे मुख्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. मुंबईत मालमत्ता कर वार्षिक भाडेमूल्यावर आकारला जात असल्याने आणि करपात्र मूल्य प्रमाणित भाड्याहून अधिक धरता येत नाही, असे न्यायालयांनी ठरविल्याने भाड्याबरोबर करही गोठला. त्यामुळे जुन्या इमारतींना सवलत देण्यासारखा कर फारसा उरलाच नाही. उलट १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीसाठी त्यांच्यावर उपकर बसविला. २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित करपद्धती आली, तोपर्यंत प्रोत्साहनाची वेगळी पद्धत स्थिरावली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३(७) अन्वये उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी वाढीव चटई क्षेत्र देण्यात आले.

म्हणजे न्यूयॉर्कने कर सोडला, तर मुंबईने आकाश विकले. एका ठिकाणी किंमत तिजोरीने मोजली, दुसऱ्या ठिकाणी ती रस्ते, पाणी, उजेड व मोकळी जागा यांवरील वाढत्या भाराच्या रूपाने रहिवाशांनी मोजली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना मालमत्ता करातून माफी जाहीर झाली. ती राहणाऱ्याला दिलासा देणारी आहे, नव्या बांधकामाला प्रोत्साहन देणे हा तिचा हेतू नाही. या दोन हेतूंमधील भेद धोरणचर्चेत लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. न्यूयॉर्कमधील करसवलतीचा इतिहास हा अटींच्या क्रमिक वाढीचा इतिहास आहे. १९२० मध्ये केवळ बांधकाम पुरेसे होते. त्यानंतर नफ्याची मर्यादा, वांशिक समता, भाडेस्थैर्य, परवडणारी घरे आणि कामगारांचे वेतन या अटी एकामागून एक आल्या. यांतील बहुतेक अटी पूर्वीच्या सवलतीच्या दुरुपयोगानंतर किंवा लोकसंघर्षानंतर घातल्या गेल्या.

२. सवलत घरे निर्माण करते, हे १९२० च्या दशकातील बांधकामावरून आणि खालच्या मॅनहॅटनमधील रूपांतरावरून दिसते. परंतु अट नसलेल्या सवलतीचा लाभ राहणाऱ्याकडे न जाता जमिनीच्या किमतीत व विकासकाच्या नफ्यात मुरण्याचा धोका कायम राहतो.

३. ओसरत्या शहरासाठी आखलेली सवलत भरभराटीच्या काळात तशीच चालू राहिली, की ती अन्याय्य ठरते. प्रत्येक सवलतीत तिच्या समाप्तीचा आणि फेरविचाराचा विचार आरंभीच असावयास हवा.

४. बहुसदनिका इमारतींवरील करभार मुळातच विषम असेल, तर सवलत ही त्या विषमतेवरील तात्पुरती मलमपट्टी ठरते. तिच्यामुळे मूळ सुधारणेची निकड मात्र झाकली जाते.

५. सोडलेला महसूल अंदाजपत्रकात खर्चाप्रमाणेच ठळकपणे मांडला गेला, तरच नागरिकांना त्याचा हिशेब मागता येईल. ‘वन५७’ च्या प्रकरणात एका स्वतंत्र कार्यालयाने हा हिशेब मांडला, म्हणून तो सार्वजनिक चर्चेचा विषय होऊ शकला.

गॅस हाउस वस्तीतून बाहेर पडलेली कुटुंबे, स्टायव्हेसंट टाउनच्या दारातून परत पाठविलेले सैनिक आणि स्वस्त हॉटेलातील खोली गमावलेले वृद्ध या सर्वांनी, थेट वा आपल्या भाड्यामधून, शहराचा कर भरलेला होता. त्यांच्या कराच्या बळावर उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांना स्थान होते की नाही, या निकषावरच प्रत्येक करसवलतीचे मूल्यमापन होणे इष्ट ठरेल.